आईच्या गालावरचा तीळ

महाडला माझं फोटो स्टुडिओचं दुकान आहे. जवळच्या कापडे गावच्या एका बाईंनी आपल्या आईचा एकुलता एक फोटो आणला. पुरात भिजून चेहऱ्याची उजवी बाजू पुसली गेली होती. मी कॉम्प्युटरवर डावी बाजू उलटी करून तिथे जोडली. त्यामुळे डाव्या गालावरचा तीळ दोन्ही गालांवर आला आणि घाईत मी नेमका खरा खोडला.

फ्रेम बघून बाई म्हणाल्या, "दादा, तीळ डाव्या गालावर व्हता ना?" मग स्वतःच म्हणाल्या, "नाय, फोटोत हाय तोच खरा. माझ्याच ध्यानात नाय राहिलं."

चूक मला तेव्हाच कळली. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली असती, पण कबूल करायची लाज वाटली. मी फ्रेम कागदात गुंडाळून दिली. आता त्यांना आई तशीच आठवत असेल.