सेनेटरचं उपोषण

लव्हॉन स्ट्रिकलर निवृत्त झाली तेव्हा झेन्सव्हिल गावातल्या झाडून सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला. आता एखादी मांजर पाळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मार्सी तिकडे कोलंबस शहरात, तेव्हा घरात काहीतरी सोबत हवी. लव्हॉननं उभा जन्म शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकांवरचा दंगा ती आरशातल्या एका नजरेनं थांबवायची. असल्या बाईला कोण काय सांगणार? ती जत्रेच्या मैदानावर सापसरड्यांचा बाजार भरतो तिथं गेली आणि अजगर घेऊन आली. लहानखुरा, फार तर हातभर लांबीचा, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणारा. दिवसभर काही न करता पडून राहतो म्हणून तिनं त्याचं नाव सेनेटर ठेवलं.

सेनेटर वाढला, चांगला मनगटाएवढा जाड झाला. फ्रीजरमधला उंदीर गरम पाण्यात सोडून ऊन केला आणि चिमट्यानं पुढं धरला की झडप घालायचा. तक्रार म्हणून नव्हती.

मग जानेवारीत पत्रपेटीपाशी बर्फावरून पाय सटकला आणि लव्हॉनचा खुबा मोडला. ऑपरेशन झाल्यावर मार्सीनं तिला स्वतःच्या घरी नेलं. "साप इथंच राहू दे," मार्सी म्हणाली. "मग मीही इथंच राहते," लव्हॉन म्हणाली. शेवटी सेनेटरची काचेची पेटीही गेली. पण ती ठेवली कुठं, तर कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायरला लागून. ड्रायर सुरू झाला की पेटी थरथरायची. जावई येता-जाता काचेवर टिचक्या मारायचा. सेनेटरनं उंदराकडं पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"म्हातारा झाला असेल तो," मार्सी म्हणाली. "देऊन टाकू या कुणाला तरी. आणि आई, तू सूप का टाकलंस पुन्हा? दोन घास तरी खा ना, माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी मार्सी कामावर गेल्यावर लव्हॉननं ऑर्विल टेटला फोन लावला. ऑर्विल तिचा सापांच्या बाजारातला दोस्त. त्याच्या घरात माणसं कमी आणि साप जास्त.

"गाडी घेऊन ये. हीटर जोरात लाव."

"मार्सीला विचारलंस?"

"मी तिची आई आहे की ती माझी?"

वॉकर टेकत ती बाहेर पडली तेव्हा सेनेटर उशीच्या अभ्र्यात, आणि अभ्रा तिच्या कोटाच्या आत होता. रिकामी पेटी ऑर्विलनं आधीच गाडीत चढवली होती. मार्सीचे सतरा फोन आले असतील. लव्हॉननं एकच उचलला. "पोचले. जिवंत आहे. ठेवते," म्हणाली.

पण स्वतःच्या घरी येऊनही सेनेटर जेवेना. लव्हॉनच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं उंदीर बदलून पाहिला, केस वाळवायच्या यंत्रानं गरम करून पाहिला, चिमट्यानं नाचवून पाहिला. सकाळ-संध्याकाळ ती काचेला नाक लावून बसायची. त्याला बाहेर काढायची, हातात तोलायची, परत ठेवायची. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "आजार काही नाही, वजनही फारसं उतरलेलं नाही. हे महिनोन् महिने उपाशी राहू शकतात. बिचाऱ्याला जरा एकटं सोडा." एवढं सोडून लव्हॉननं सगळं केलं.

एका रविवारी ऑर्विल आला आणि तिचे हे उद्योग बघून मोठ्यानं हसला.

"तू ताटापुढं बसलीस आणि कुणी तुझ्या नाकासमोर कोंबडीची तंगडी नाचवली तर खाशील?"

"नाचवणाऱ्याच्या डोक्यात घालीन."

"मग? तो साप आहे म्हणून गप्प बसलाय. नशीब समज."

लव्हॉनला मार्सीच्या घरचं ते सूप आठवलं. चवीला वाईट नव्हतं. फक्त समोर कुणीतरी चमचे मोजत बसलेलं असायचं.

त्या दिवसापासून तिनं हात आवरला. पेटीत लपायला एकाऐवजी दोन अंधारी नकली बिळं ठेवली, अंग सगळीकडून टेकेल इतकी अरुंद. पेटीच्या तीन बाजूंना जाड कापड लावलं. पाणी बदलायचं आणि खोलीबाहेर पडायचं, बास. दाराशी घुटमळायला व्हायचं, तेव्हा ती स्वतःलाच शिव्या घालायची. असे दोन आठवडे तिनं मन घट्ट करून काढले.

मग एका दुपारी तिनं ऊन केलेला उंदीर बिळाच्या तोंडाशी ठेवला, पुढच्या काचेवरही कापड ओढलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसली. नेमकी त्याच वेळी मार्सी आली. हातात घरांच्या दलालाचं माहितीपत्रक.

"आई, आता स्पष्टच बोलू या. हे घर—"

"हळू! सेनेटर जेवायला बसलाय."

मार्सी कुजबुजली, "हे घर विकायला हवं. दारात बर्फ, घरात जिना. पुन्हा पडलीस तर?"

"तर पुन्हा उठेन," लव्हॉनही कुजबुजली.

"मी तुझ्या आयुष्याबद्दल बोलतेय, आणि तू त्या सापाचं घेऊन बसलीस!"

"माझ्या आयुष्याबद्दलही हळू बोलता येतं. तुझ्याकडे मला घास उतरत नव्हता, मार्सी. तू वाईट आहेस म्हणून नाही. तू सारखी बघत होतीस म्हणून."

मार्सीचे डोळे भरले. "मी घाबरले होते गं. हॉस्पिटलमध्ये तू केवढीशी दिसत होतीस."

"ठाऊक आहे मला. घाबर खुशाल. पण घर विकायचं नाही."

तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. दोघी जागच्या जागी थिजल्या. लव्हॉन उठायला गेली आणि पुन्हा बसली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. मार्सीनंच विचारलं, "बघायचं नाही?"

"नाही. अजिबात नाही."

कॉफी गार होईपर्यंत दोघी मुकाट बसून राहिल्या. मग लव्हॉन काठी टेकत पेटीपर्यंत गेली आणि कापडाचं टोक उचललं. सेनेटरच्या जबड्यातून उंदराची शेपटी तेवढी बाहेर होती. तीही हळूहळू आत गेली. लव्हॉननं मूठ वळून हवेत उंचावली, तोंडातून आवाज मात्र काढला नाही.

मार्सीनं माहितीपत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं. "न्हाणीघरात धरायला दांडा तरी बसवू दे," ती म्हणाली. ड्रॉवरमधून टेप काढून ती तिथली भिंत मोजायला लागली.

"जरा खाली घे," लव्हॉन दारातून म्हणाली. "माझ्या उंचीला. तुझ्या नाही."