आडनावासकट

अख्खा हॉल हसला. माझ्या वाक्याला हसला.

धाराशिवच्या एका कॉलेजात कार्यशाळा होती. पुण्याहून एक सर आलेले. फुकट मिळणाऱ्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरला जोडायचं एक एक्स्टेन्शन ते पडद्यावर दाखवत होते. जुन्या टायपिंगच्या फॉन्टातला मजकूर ते नव्या युनिकोडात आणतं. सरांनी एक मोठी फाईल टाकली, आन पडद्यावर अक्षरं आली: "लई मोठी फाईल हाय. दमानं घ्या."

सर म्हणाले, "हे गावठी काढायचं राहूनच गेलं बघा."

पुन्हा हशा. खाली लेखक म्हणून सरांचं नाव. आन मी पाचव्या ओळीत बसून माझंच वाक्य वाचत होते. कानशिलं तापली माझी.

धाराशिवकडच्याच वाशीत टायपिंगच्या दुकानात काम करते मी. जुन्या फॉन्टातली फाईल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की कुत्र्याचे पाय मांजराला. ठराव, अर्ज, लग्नपत्रिका, सगळं परत हातानं मारायचं. बोटं दुखून यायची. म्हणून म्या ते एक्स्टेन्शन लिहिलं. लोकांनी नेटवर उघडं ठेवलेलं काम बघून बघून शिकले. गिऱ्हाईक नसलं की तेच करत बसायचं. रफार कुठं बसवायचा, ह्या एका गोष्टीत माझा अख्खा उन्हाळा गेला.

मग त्या सॉफ्टवेअरच्या मंडळींच्या साइटवर चढवलं. तिथली रीत अशी, की कुणीबी चढवावं, त्यांच्यातल्या जुन्याजाणत्यांनी तपासावं, पास झालं की जगात कुणीबी उतरवून घ्यावं, बदलावं, वाटावं. पैशाचा संबंध न्हाय. ज्यानं केलं त्याचं नाव पुसायचं न्हाय, एवढी एकच अट म्या सोबत जोडलेल्या वापराच्या परवान्यात होती.

आन तिथंच मी चुकले. लेखकाच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव टाकलं. आडनाव गाळलं.

का गाळलं, ते आमच्यातल्यांना सांगावं लागत न्हाय. वाशीत खोली बघायला गेले की मालकीण प्रेमानं चहा टाकायची. मग विचारायची, "आडनाव काय म्हणलीस?" सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. चहा तसाच उकळत राहायचा. म्हणलं, इथं तरी नको. इथं माझं काम बघू देत, मला नको. भ्याले होते, दुसरं काय!

तपासणाऱ्यांत हेच सर होते. त्यांनी माझं परत पाठवलं. "दर्जा नाही," एवढंच लिहिलेलं. म्हणलं, नसंल दर्जा. तेच पुढं सरांच्या नावानं साइटवर आलं, हे मला त्या हॉलात कळलं.

उठले.

"सर, ते वाक्य माझं हाय. त्याच्याखालचं सगळंबी माझंच हाय."

सरांनी चष्मा वर केला. "अच्छा, त्या तुम्ही का! पूर्ण नाव काय तुमचं?"

पुन्हा तेच. म्या सांगितलं. पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. सर हसून म्हणाले, "अहो, तिथं आडनावच नव्हतं. श्रेय द्यायचं कुणाला? आणि हे मुक्त काम आहे ताई. इथं माझं-तुझं नसतं."

"माझं-तुझं नसतं, तर खाली तुमचं नाव कसं?"

ह्या खेपेला कुणी हसलं न्हाय. आयोजकांनी घाईघाईनं चहा जाहीर केला. चहाला माझ्याजवळ कुणी उभं राहिलं न्हाय.

साइटवाल्यांकडं तक्रार केली. पूर्ण नाव नसल्यानं मूळ लेखक ठरवता येत नाही, असं उत्तर आलं. मग आडनाव घालून नव्यानं चढवलं. असं एक आधीच आहे म्हणून नाकारलं. आमच्या गावच्या पंचायतीतबी आता सरांचंच हाय. तिथला ऑपरेटर मलाच सांगतो, "पुण्याच्या सरांनी केलंय, लई भारी हाय." हे बदलंल असं मला वाटत न्हाय. खोटं कशाला बोलू?

सरांच्या त्यात जोडाक्षरं तुटतात. म्या माझ्यात ती नीट केली आन पेन ड्राइव्हवर वाटायला लागले. उघडलं की आधी माझं पूर्ण नाव येतं, ठळक. मागल्या आठवड्यात बेंबळी गावचे एक क्लार्क आले. चालवून बघितलं.

"काम झ्याक हाय. तेवढं वरचं आडनाव काढून द्या की. सायबांसमोर उघडायचंय."

"न्हाय काढत."

"अवो, मग कोण घेणार हे?"

"नका घेऊ. घ्यायचं तर आडनावासकट घ्या. न्हाय तर बसा हातानं मारत."

त्यांनी पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला आन पायऱ्या उतरून गेले. तवापासून कुणी मागायला आलं न्हाय. न्हाय तर न्हाय. एकबी माणूस न्हाय आला तरी ते आडनाव तिथून हलणार न्हाय.