एका पिंपाचे दोन निकाल

बेसिंगस्टोकहून सकाळची गाडी पकडली तेव्हा माझ्या पाठपिशवीत स्वेटरात गुंडाळलेल्या बाटल्या होत्या. स्पर्धेतली नोंदणी माझ्या नावावर होती, आतली बिअर मात्र शिरीषची.

शिरीष आणि मी पुण्याहून इंग्लंडला एकाच कंपनीत आलो. तेव्हापासून आपापल्या गॅरेजमध्ये बिअर करतो, एकमेकांची चाखतो आणि भांडतो. मी गोड म्हटलं की तो कडू म्हणणार, हे ठरलेलंच. दरवर्षी ग्लासगोला घरगुती बिअरच्या स्पर्धेला जायचं, त्यानं पदक घ्यायचं आणि मी फोटो काढायचा. यंदाची फेरी शेवटची होती, कारण महिन्याभरात तो कायमचा पुण्याला परतणार होता. त्याआधी एकदा तरी त्याला हरवायचं, एवढीच माझी हौस. आणि नेमकी यंदाच माझी बिअर नासली.

"माझ्या बॅरलमधली भरून घे," तो म्हणाला. "मी एकटा ग्लासगोला जाऊन काय करू? बोअर होईल यार!"

लंडनला गाडी बदलली. कार्लाइल मागे पडलं की टेकड्या आणि मेंढ्या सुरू होतात आणि आम्ही दशम्यांचा डबा उघडतो. पहिल्या वर्षी इथंच आमची एक बाटली फुटली होती. मग तिकीट तपासनीसाबरोबर आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होतो. ते आठवून यंदाही हसलो, पण दरवर्षीएवढं नाही.

स्पर्धा चर्चच्या हॉलमध्ये होती. टेबलांवर पाण्याचे जग, जीभ साफ करायला कोरडी बिस्किटं आणि फक्त नंबर लावलेल्या बाटल्या. दुपारी हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा मसालेदार खिमा) खाल्लं. "आईच्या वजडीची सर नाही," शिरीष दरवर्षीप्रमाणे म्हणाला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आमच्या गटात बिअर फार आल्या होत्या, म्हणून त्या परीक्षकांच्या दोन वेगळ्या टेबलांवर वाटल्या होत्या. निकालात पहिलं नाव माझं! शिरीषची बिअर पार तळाला, शेरा 'बेचव'. सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या, पण चेहरा उतरलेला होता. इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहिली आणि आता मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

मोरा नावाच्या एक वयस्क परीक्षक कप आवरत होत्या. एकाच बिअरचे असे दोन निकाल लागू शकतात का, असं शिरीषनं त्यांना विचारलं.

"लागतात की! तुमची बाटली धुराच्या उग्र चवीच्या एका बिअरच्या मागून आली होती," त्या म्हणाल्या. "त्यानंतर जिभेला काय कळणार? मीच एकदा सकाळी डोक्यावर घेतलेली बिअर दुपारी नापास केलीय."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो.

"म्हणजे माझी आधीची मेडल्सपण लकच होती का रे? पुण्याला न्यायला पॅक केलीयत मी."

"ती खरी आहेत."

"तुला काय माहीत?"

"दरवर्षी तुझ्या बॅरलचा पहिला ग्लास कोण पितं? माझी तुझ्याहून चांगली झाली असती, तर तुला ऐकवल्याशिवाय राहिलो असतो का मी?"

"छे! वर्षभर डोकं खाल्लं असतंस," तो म्हणाला आणि अखेर हसला.

परतीच्या गाडीत उरलेली एक बाटली आम्ही कागदी कपांत ओतून प्यायलो. मी गोड म्हटलं, तो कडू म्हणाला. बेसिंगस्टोक येईपर्यंत वाद मिटला नाही.

शिरीष गेल्यावर मी पुन्हा बिअर केली. गॅरेजमध्ये पहिला ग्लास भरला आणि त्याला फोन लावला.

"कशी झालीय?"

"जरा गोड झालीय," मी म्हणालो.

"असेल," शिरीष म्हणाला. "तू म्हणतोयस म्हणजे असेल."

इतक्या वर्षांत माझं म्हणणं त्यानं पहिल्यांदाच मान्य केलं होतं. ग्लास तसाच हातात राहिला.