एकट्यापुरती गाडी

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या मामांइतका लांबचा प्रवास ओट्यावर बसून केलेला माणूस सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, राहणार वडगाव रासाई. त्यांच्या वावरापलीकडून भीमा वाहते. या नदीच्या कडेकडेने मोटारसायकलवरून थेट समुद्रापर्यंत जायचे, आणि तेही एकट्याने, असे त्यांनी साठी उलटल्यावर ठरवले होते. मी दौंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे नकाशे पुरवण्याचे काम माझ्याकडे आले. भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि तिथून आंध्रात समुद्र गाठते, हे मी बोट फिरवून दाखवले तेव्हा त्या निळ्या रेघेवर स्वतःचे बोट ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, जलमल्यापासनं हिचं पाणी बघतोय. मोटरीनं उपसलं, उसाला पाजलं. पण जातंय कुठं ते कवा बघितलं न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् खरं सांगू का, मी एकटा कुठं गेलोच न्हाई. लग्नाला गेलो तर ट्रकभर माणसं. पोट दुखलं म्हणून दवाखान्यात गेलो तर भावकी बाकड्यावर. एकदा एकट्यानं जायचंय." या शेवटच्या वाक्याची थट्टा मी कधी केली नाही. बाकी सगळ्याची केली.

गाडी पसंत करण्याची त्यांची रीत मुलगी बघण्याची होती. दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. शिरूरच्या शोरूममध्ये थोरले भाऊ, व्याही, सोसायटीचे माजी चेअरमन आणि शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून मी, अशी जीपभर मंडळी गेलो. निघताना मामी दारातून म्हणाल्या, "ह्यांला जायचंय एकट्याला, आन् गाडी बघायला वऱ्हाड लागतंय." शोरूममध्ये सगळे टोप्या सावरून ओळीने बसले. चहा झाला. मग गाडी समोर आणण्यात आली. माजी चेअरमननी विचारले, "घराणं कुठलं?" म्हणजे कंपनी कोणती. व्याह्यांनी तिला चार पावले चालवून पाहिले. थोरल्या भावांनी टाकीवर थाप मारून "रंग जरा सावळाच हाय" असे मत दिले. चढावर ही कशी दमत नाही, लांबच्या प्रवासात पाठ कशी अवघडत नाही, हे विक्रेता बिचारा तोंडपाठ सांगत होता. त्याचे संपल्यावर भाऊ म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. दुधाचे कॅन बसत्यात का?"

"दादा, मी समुद्राला चाललोय," मामा म्हणाले.

"व्हय, पण तिथनं आल्यावर?"

निघताना मामांनी हात जोडले आणि म्हणाले, "घरी विचारून कळवतो." असे 'कळवतो' त्यांनी दौंडपर्यंतच्या एकूणएक शोरूमला सांगून ठेवले होते. एका मॅनेजरने तर नकार पचवून त्यांना आपल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, आणि मामा आहेर घेऊन गेले.

पण खरी अडचण वेगळीच होती. मागची सीट रिकामी ठेवून गाडी चालवणे मामांना जमत नसे. रस्त्याच्या कडेला कुणी नुसते चप्पल झटकायला थांबले तरी यांचा ब्रेक लागायचा. सणसवाडीत एका भारी गाडीची चाचणी घ्यायला त्यांना चौकापर्यंत जाऊन यायला सांगितले होते. नेमकी कंपन्यांची शिफ्ट सुटली होती. मामा दुपार कलल्यावर उगवले, मागे एक बिहारी कामगार आणि त्याच्या मांडीवर गॅसचा सिलिंडर. "रूम बदलना था," तो आम्हालाच समजावू लागला, "चाचा बोले बैठो, तो बैठ गया." त्याचे बाकीचे सामान आधीच्या खेपांत पोचले होते. शोरूमवाल्याचा चेहरा न बघता मी विचारले, "मामा, गाडी कशी वाटली?" ते म्हणाले, "वजन झकास झेलती. पण मी एकटा असल्यावर कशी पळती, ते काय कळलं न्हाई."

यावर त्यांनीच तोडगा काढला. साऱ्या भावकीने नाकारलेली एक गाडी एके दिवशी गुपचूप घरी आणली, मागची सीट उतरवली आणि तिच्या जागी लोखंडी पेटी ठोकून घेतली. "आता कोण बसतंय बघू," ते म्हणाले. निघायच्या दिवशी सगळा गाव लोटला. नारळ फुटला, हार पडले, माजी चेअरमननी नदीजोड प्रकल्पावर भाषण केले. मामींनी दशम्या बांधून दिल्या. हार घातलेले मामा पूल ओलांडून दिसेनासे झाले.

खुटबावच्या फाट्यावर एका मेंढक्याने हात केला. मामा ऐटीत ओरडले, "मागं जागा न्हाई पाव्हणं!"

"मला कुठं यायचंय? एवढं कोकरू तेवढं गुरांच्या दवाखान्यात न्या, आप्पा. पाय मोडलाय त्याचा," असे म्हणत त्याने कोकरू टाकीवर ठेवले. दवाखान्यात पायाला पट्टी झाली. परत येऊन बघतात तो मेंढरे पुढे सरकलेली. मोडक्या पायाचे कोकरू हातात घेऊन समुद्राकडे जाता येईना. मामा दिवसभर कळप शोधत त्या रानातून या रानात हिंडले. अंधार पडता पडता घरी आले. गळ्यातला हार कोकराने खाल्ला होता.

मामी ओसरीवरूनच म्हणाल्या, "आला का समुद्र बघून?"

"पाय जुळंल म्हणत्यात," मामा म्हणाले, आणि हात-पाय धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी काढून सीट परत बसवून घेतली, वर साडीगार्डही लावला. "माणूस मागं असलेलं बरं," ते मला म्हणाले, "टाकीवर घेतलं की त्याचं तोंड दिसतं." नंतर त्या गाडीवरून किती बाळंतिणी, किती परीक्षेची पोरे, किती चिडून माहेरी निघालेल्या सुना पोचत्या झाल्या, ते दोन्ही तालुक्यांना ठाऊक आहे. नकाशा कपाटावर गुंडाळून पडला होता. दर दिवाळीला ते तो झटकायचे आणि मला विचारायचे, "पाणी आजून तिकडंच जातंय ना?" मी म्हणायचो, "तिकडंच." ते म्हणायचे, "मग घाई न्हाई."

यंदाच्या माघात मामा गेले. हल्ली आमच्याकडे रक्षा वावरात पुरून वर झाड लावायची पद्धत पडली आहे. मुलांनी आंब्याचे रोपही आणले होते. सावडायच्या दिवशी मामींनी ते बाजूला सारले. "झाड म्हंजी परत एका जागी उभं ऱ्हाणं. नदीत सोडा. जाऊ द्या त्यांला."

आम्ही नदीवर गेलो. थोरल्या मुलाने गाडगे पाण्यावर ओणवे केले. करडी रेघ पाण्यावर पसरली आणि संथपणे दौंडच्या दिशेने सरकू लागली. तेवढ्यात शेजारी एक टेम्पो येऊन थांबला. खुटबावची माणसे होती. त्यांची आजी वारली होती. तिचे माहेर वडगावचे, म्हणून तिला इथे आणले होते. ओळख ना देख. त्यांनीही गाडगे उपडे केले आणि दुसरी रेघ पहिलीच्या मागोमाग जाऊन तिला चिकटली.

मामींनी कपाळाला हात लावला. "घ्या! बसली बघा मागं."

आमच्यातले कुणीतरी हसले, आणि मग सगळेच. मामी मात्र पाण्याकडेच बघत होत्या. पुढे उजनीचे धरण आहे, तिथे सगळेच पाणी थांबते, हे मला ठाऊक होते. त्या दोन पावले पाण्यात उतरल्या आणि वाकून, दारातून सूचना द्यावी तशा हळू आवाजात म्हणाल्या, "तिला उजनीला उतरवा. तिथनं तरी एकटं जावा."