आडनावामागचा आकडा

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. लिहायला बसले की हात अडखळतो. चुकलं तर माफ करा. पण हे मीच सांगायला हवं, कारण नाव माझं होतं.

चंद्रपूरला कॉलेजच्या ऑफिसासमोर आमची रांग लागली होती. जंगलातल्या आमच्या आश्रमशाळेच्या सरांनी मुलांची यादी टाईप करून पेन ड्राइव्हवर दिली होती. ऑफिसातल्या बाबूंनी ती उघडली आणि हसायला लागले. स्क्रीन रांगेकडे फिरवली. माझ्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं. एकाच्या डोक्यावर टोपी, एकावर दोन ठिपके, एकाला खाली शेपूट.

"हे काय हाय वं? गोंडीत हाय का?"

रांग हसली. मीही हसले. त्याची लाज अजून वाटते.

मी आडनाव तोंडी सांगितलं. दोनदा. त्यांना ते लिहायचा कंटाळा आला.

"जाऊ दे, मडावी टाकतो. तुमच्यात सगळे मडावीच राह्यते."

"सर, मडावी माझ्या मायचं माहेर आहे."

"मंग घरचंच झालं ना! अन् तू पोरगी. लग्न झालं का बदलनारच हाय."

ओळखपत्रावर मडावी. हजेरीत मडावी. दोन वर्षं मी दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हटलं. वसतिगृहातल्या मुली मला 'टोपीवाली' म्हणायच्या. भांडायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता.

आमच्यात आडनावावरून देव कळतात. किती देवांचे, ते आधी विचारतात, मग सोयरीक; सारख्या आकड्यात लग्न होत नाही. आम्ही सहा देवांचे. मडावींचे देव वेगळे, म्हणून तर मायबाबांचं लग्न झालं. बाबूंनी एका झटक्यात मला मामाच्या घरची केली. सुट्टीत बाबाला ओळखपत्र वाचून दाखवलं. त्यानं गोंडीत एवढंच विचारलं, "मी मेलो का?"

परत येताना आश्रमशाळेतून तोच पेन ड्राइव्ह मागून आणला आणि कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्या रफीकभाऊंकडे गेले. त्यांनी कुठला तरी जुना फॉन्ट लावला आणि टोप्या गेल्या. माझं आडनाव. पुरं. काना-मात्रेसकट.

"तुह्या नावात कायीच खराबी नव्हती, बेटा," ते म्हणाले. "कॉम्प्युटरले अक्षर नाई समजत, नंबर समजते. त्या नंबरवर परदेशी लोकायचं टोपीवालं अक्षर हाय. जुन्या फॉन्टवाल्यानं तिथीच आपलं मराठी अक्षर बसवलं. फॉन्ट नसला का टोपीवालं दिसते. आता युनिकोडात ज्याले त्याले आपला नंबर हाय. पाच मिनिटाचं काम होतं."

पाच मिनिटांचं काम. दोन वर्षं.

अक्षरामागे आकडा. आमच्या आडनावामागेही आकडा. चुकीच्या माणसाने उघडलं की दुसरंच कुणी दिसतं.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा अर्ज आला. 'वरील नाव बरोबर आहे' याखाली सही करायची होती. मी मडावीवर रेघ मारली. माझं आडनाव लिहिलं. मग सही केली.

"निकाल अडकंल तुहा," बाबू म्हणाले.

"अडकू द्या."

रेघ सरळ आली होती.

पेपर देऊन गावी आले. गावात नेटवर्क नाही. निकाल कळावा म्हणून आलापल्लीला आले, तिथल्या बसस्टँडवर मोबाईल वाजला. वसतिगृहातल्या मैत्रिणीचा मेसेज, नऊ दिवसांपूर्वीचा.

'तुझा निकाल राखून ठेवला. नाव जुळत नाई म्हणते. मडावी लिहून दे, उद्याच सोडतो म्हणते बाबू.'

मी उत्तर टाकलं, 'नाई देत.' आणि चंद्रपूरच्या बसमध्ये चढले.