सातू तुडवायचे दिवस

हिवाळ्यात आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका शोधायच्या असतील तर घरोघर हिंडायची गरज नाही. सगळ्या एकाच ठिकाणी सापडतात, समाजमंदिरात. तिथल्या जमिनीला खालून ऊब दिलेली असते, आणि त्या उबेवर दहा-बाराजणी पापड वाळत घातल्यासारख्या ओळीनं पडलेल्या असतात. दुपारी एकत्र जेवण, मग फुलांच्या पत्त्यांचा डाव, मग डावावरून भांडण, मग झोप. वसंत येईपर्यंत हाच कार्यक्रम.

त्यात भिंतीकडेची जागा सगळ्यात उबदार, आणि ती माल्जाआजीची. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं 'ही शेवटची' अशा अर्थाचं हे नाव ठेवलं, आणि त्यानंतर तिच्या पाठीवर आणखी दोन मुली झाल्या. "माझं ऐकायचं नाही हे देवानंही तेव्हाच ठरवलं," असं ती स्वतःच सांगते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा छांगसू ग्वांगजू शहरात, बाराव्या मजल्यावर राहतो. आजीचं गावात उरलं होतं ते घर, अंगणातले रांजण, आणि घरामागचं सातूचं छोटंसं वावर.

पण यंदा माल्जाआजी त्या उबदार जागेला जरा जास्तच चिकटली होती. डिसेंबरात किमचीचं लोणचं घालायच्या धांदलीत, रांजणांच्या ओट्यावर गोठलेल्या दंवावरून तिचा पाय सटकला आणि घोटा मोडला. प्लास्टर लागलं, निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता चाला. आजी चालायला लागली, पण बाबागाडी धरून. आमच्याकडे म्हाताऱ्या काठी वापरत नाहीत. नातवंडं मोठी होतात, त्यांची बाबागाडी आजीकडे येते, आणि आजी ती पुढे ढकलत गावभर फिरते. माल्जाआजी मात्र गावभर फिरत नव्हती. घर ते समाजमंदिर, समाजमंदिर ते घर. त्यापलीकडे तिचं पाऊल पडत नव्हतं.

फेब्रुवारी सरत आला तसं समाजमंदिर रिकामं व्हायला लागलं. कुणी लसणावरचा पेंढा काढायला गेली, कुणी मिरचीची रोपं बघायला. त्या दिवशी डावाला चौघीच उरल्या होत्या, आणि समोर बसली होती नामवोनवाली.

ही माल्जाआजीची शेजारीण, तिच्याहून थोडी धाकटी. माहेर नामवोन, म्हणून लग्न होऊन आली त्या दिवसापासून नामवोनवाली. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल तर असेल. चाळीस वर्षं दोघींचं एका भिंतीआडून भांडण चाललंय, आणि एक दिवस भांडण झालं नाही तर दोघींना जेवण जात नाही.

"अक्का, तुझा सातू बघितलास का?" पान टाकत नामवोनवाली म्हणाली. "माती फुगून वर आलीय सगळी. मुळं हवेत लोंबतायत बिचारी."

"बघितलाय."

"कुठनं? खिडकीतनं?"

बाकीच्या दोघी हसल्या. आजीनं पत्त्यांतून डोकं वर काढलं नाही. थंडीनं माती फुगते, तिच्याबरोबर रोप उचललं जातं, आणि खाली पोकळी राहते. वसंताचा वारा त्या पोकळीत शिरला की रोप उभ्या उभ्या वाळतं. म्हणून थंडी हटता हटता सातू पायांनी तुडवून परत मातीत बसवावा लागतो. आमच्याकडे लाडावलेल्या पोराला म्हणतात, याला सातूसारखा तुडवायला हवा होता. हे काम माल्जाआजी लहानपणापासून करत आली होती. आणि यंदा ती खिडकीतून बघत होती, हे अगदी खरं होतं.

"माती ओली आहे अजून," आजी म्हणाली.

"नाचता येईना, अंगण ओलं." नामवोनवालीनं दुसरं पान आपटलं. "बरं, छांगसूचा फोन आला होता मला. म्हणतो, मावशी, आईला मी इकडे आणतो, तुम्ही तिचं वावर यंदापासून घ्या. माझी मिरची काय झकास येईल गं त्या मातीत."

आजीच्या हातातली पानं खाली आली. "तुला विचारलं त्यानं? मला सोडून तुला?"

"तू फोनवर दुसरं काही बोलतच नाहीस म्हणे. पाय दुखतो, पाय दुखतो. पोरानं काय समजायचं?"

झोंबल्या मिरच्या. नुसत्या मिरचीच्या नावानंच झोंबल्या. आजी ताठ बसली आणि म्हणाली, "ऐका सगळ्याजणी. मार्चातल्या बेडूक जागे व्हायच्या दिवसापर्यंत मी माझ्या पायांनी सगळं वावर तुडवीन. नाही तुडवलं तर हिची मिरची लागू दे तिथं, आणि मी जाते ग्वांगजूला, लिफ्टनं वर-खाली करत बसायला."

"बोलायला काय जातंय," नामवोनवाली म्हणाली. "साक्षीदार आहेत हां."

बोलून तर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबागाडी ढकलत माल्जाआजी घरामागे गेली. वावर काही मोठं नाही, दोन अंगणांएवढं असेल. पण बांधाशी आली आणि गाडीची चाकं थांबली. बाबागाडी वाफ्यात शिरत नाही. ढेकळांत चाक फिरत नाही, आणि रोपांवरून गाडी नेणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे. म्हणजे आता मूठ सोडायची आणि नुसत्या पायांवर आत जायचं.

तिनं वाकून पाहिलं. नामवोनवाली खोटं बोलली नव्हती. माती पोकळ झाली होती, आणि पांढरी मुळं उघडी पडली होती. आजीला फार वाईट वाटलं. "आलेच हां बाळांनो," असं ती पुटपुटलीसुद्धा. एक पाय बांधावरून आत ठेवला. माती भुसकन दबली, पाय जरासा खचला, आणि त्याच क्षणी तिला तो ओटा आठवला, ते दंव, तो कट्‌ असा आवाज, आणि अंगणात कुणी येईपर्यंत आभाळाकडे बघत पडून राहणं. पाय आपोआप मागे आला. दोन्ही हातांनी गाडी घट्ट धरून ती उभी राहिली. घोटा दुखत नव्हता. घोटा कधीचा दुखायचा थांबला होता. भीती वाटत होती. पण चारचौघींत हे सांगायचं कसं? जिनं उभ्या पावसात भात लावला, दोन मुलांची बाळंतपणं घरी केली आणि त्यातलं एक मूल मातीला दिलं, ती बाई वावरातल्या ढेकळाला घाबरते, हे कुणाच्या तोंडून निघणार?

समाजमंदिरात येऊन ती म्हणाली, "ओलं आहे अजून."

बाहेर धूळ उडत होती. नामवोनवालीनंसुद्धा टोमणा मारला नाही, आणि तेच आजीला जास्त लागलं.

मग दोन दिवस खरंच पाऊस झाला. ओल्यात सातू तुडवला तर माती विटेसारखी होते, तेव्हा तो विषयच नव्हता. आजी मजेत जेवली. पाऊस थांबला तशी पुन्हा जेवेनाशी झाली. रात्री तिनं कपाटातल्या दोन पिशव्या काढल्या, ग्वांगजूला काय काय न्यायचं ते बघायला, आणि एकीत लोकरीचे मोजे घालून तशीच ठेवून दिली. रांजण कसे न्यायचे, हे काही तिला सुचेना.

बेडूक जागे व्हायचा दिवस उजाडला तो लख्ख उन्हाचा. दुपारपर्यंत माती खुटखुटीत वाळली. आता ओलं म्हणायची सोय नव्हती. माल्जाआजी घरात बसून पालक निवडत होती, निवडलेलाच परत निवडत होती, आणि मागच्या बाजूनं आवाज आला, खट्‌, खट्‌, खट्‌.

ती गाडी घेऊन मागे गेली. बघते तर काय, नामवोनवाली आजीच्या वावरात, सातूच्या मधोमध उभी राहून खुंटी ठोकतेय. हातात दोरीचं भेंडोळं.

"काय चाललंय गं हे?"

"मोजमाप घेते. सऱ्या किती बसतील ते कळायला नको?"

"दिवस अजून मावळला नाही."

"मावळेलच की. तो काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" असं म्हणत तिनं दुसरी खुंटी घेतली आणि नेमकी एका दाट ओळीवर रोखली.

"अगं ए, ओळीत ठोकू नकोस. मुळं तुटतील, मेले. सरक तिकडून. सरक म्हणते ना."

आणि बोलता बोलता, हात उगारून, माल्जाआजी निघाली. अर्ध्या वावरात आली, नामवोनवालीच्या हातातली खुंटी तिनं हिसकावून घेतली, आणखी चार शब्द सुनावले, आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की मूठ धरायला हातात काही नाही. बाबागाडी पार तिकडे बांधावर उन्हात उभी होती. आजीनं नामवोनवालीचा दंड घट्ट धरला.

"आता गं?" आजी अगदी हळू म्हणाली. "मी पडेन."

"पड की," नामवोनवाली म्हणाली. "पडलीस तर सातूचा फायदाच आहे. पायानं तुडव नाहीतर ढुंगणानं तुडव, त्याला काय कळतंय? दोन पावलांचं काम एका बसकणीत होईल."

माल्जाआजीला हसू आलं. हसताना तोल गेला आणि ती खरोखरच बसली, भुसकन, सातूच्या ओळीत. आजीनं घोटा हलवून पाहिला. मग दुसरा. माती मऊ होती, उन्हानं कोमट झाली होती, आणि काहीही मोडलं नव्हतं. छातीवर हिवाळाभर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलावा तसं तिला हलकं वाटलं. ती बसल्या बसल्या इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"उठव मला. आणि ती खुंटी उपट."

मग दोघींनी हात पाठीमागे बांधले, ओळीकडे तोंड केलं, आणि आडव्या छोट्या पावलांनी तुडवायला लागल्या. टाच, चवडा, टाच, चवडा. सुरुवातीला आजी चाचपडत होती. दुसऱ्या ओळीला तिनं नामवोनवालीच्या चुका काढायला सुरुवात केली: "टाच दाब, टाच. काय पिसं वेचतेयस?" तिसऱ्या ओळीला ती पुढं निघून गेली. सूर्य डोंगराला टेकायच्या आत वावर सपाट झालं. सगळा सातू माना टाकून जमिनीला चिकटला होता, आणि माल्जाआजी त्याच्याकडे अशी बघत होती की जणू पीकच कापून झालं.

"हरलीस," ती म्हणाली.

"हरले," म्हणाली नामवोनवाली, आणि खुंट्या गोळा करून कंबरेवर हात ठेवत घरी गेली.

संध्याकाळी छांगसूचा फोन आला. आजीनं त्याला पाय दुखण्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. सरळ फैलावर घेतलं. "माझं वावर वाटतोस होय रे गावाला? नामवोनवाली तर हो म्हणून बसली होती."

"हो?" छांगसू म्हणाला. "आई, मावशींनी मला फोनवर असं झापलं की बायकोनं विचारलं, कोण ओरडतंय. म्हणाल्या, तुझ्या आईला नेलंस तर मी भांडू कुणाशी, भिंतीशी? आणि म्हणाल्या, तिच्या सातूशिवाय माझी चटणी कशी होणार, याचा विचार केलास का गाढवा?"

आजीनं फोन ठेवला. खरंच की. नामवोनवाली दरवर्षी मिरचीच्या चटणीचे रांजण घालते ते माल्जाआजीच्या मोड आणून वाळवलेल्या सातूच्या पिठावर. त्याशिवाय तिची चटणी ना गोड होते ना आंबते. चाळीस वर्षं आजी स्वतःच्या हातानं त्या पिठाची पिशवी भिंतीवरून देत आली आणि ही बाई सातू उपटून मिरची लावेल यावर तिनं विश्वास ठेवला. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा ठेवणार नाही.

तिनं उठून दिवा लावला. बांधाच्या कडेची दाट पाती दुपारी खुडून आणली होती, ती धुतली, रांजणातलं सोयाबीनचं जुनं आंबवण काढलं आणि त्यात ती घालून सातूच्या पात्यांचं सार केलं. वर्षातलं पहिलं. पातेलं फडक्यात बांधून बाबागाडीत ठेवलं आणि गाडी शेजारी ढकलत नेली.

नामवोनवाली पाय गरम पाण्यात बुडवून बसली होती. तुडवून तुडवून तिचेच गुडघे धरले होते.

"हे काय, विजयाचं जेवण?"

"जेव गप," आजी म्हणाली. "चटणीची एवढी काळजी होती तर तोंडानं सांगायचं. खुंट्या कशाला ठोकायच्या?"

नामवोनवालीनं वाटीत तोंड घातलं. दोन भुरके मारले. "तोंडानं सांगितलेलं कधी ऐकलंयस तू?" ती म्हणाली. मग वाटीकडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी अंगणात तू पडलीस ना, तुझा आवाज पहिल्यांदा मीच ऐकला. भिंतीवरून बघितलं. तेव्हापासून मला त्या भिंतीकडे बघवेना."

माल्जाआजीनं तिच्या वाटीत आणखी सार वाढलं. "उद्या तुझा लसूण," ती म्हणाली. "अजून पेंढा काढला नाहीस. आत पिवळा पडला असेल. सकाळी लवकर येते, अंथरुणात लोळत पडू नकोस."

पातेलं रिकामं झालं तेव्हा ते काखेत मारून आजी निघाली. बाहेर कुठंतरी बांधाच्या पाण्यात एखाददुसरा बेडूक ओरडत होता. ती फाटकापाशी पोचली तोच मागून हाक आली, "अक्का, गाडी राहिली तुझी."

माल्जाआजी थांबली. स्वतःच्या पायांकडे तिनं एकदा पाहिलं.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "तुझे गुडघे गेलेत. उद्या तुलाच लागेल."