झुली जळाल्या त्या सालचा पोळा

“मी इचारायला न्हाई आले टेलर, सांगायला आले.” माझ्या दुकानाची पायरी चढता चढताच बाई हे वाक्य टाकायची. मग मशीनखाली हात घालून कातरणीच्या चिंध्या स्वतःच ओढायची. द्यायच्या की नाही, हे ठरवायची वेळ तिनं माझ्यावर कधी आणलीच नाही.

ताडकळसच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान. बाई कोसभरावरच्या गावातली, बौद्ध वस्तीतली. नवरा लवकर गेला. मागं राहिली दोन एकर जमीन आणि पाखऱ्या नावाचा एक बैल. जोडीचा दुसरा शेजाऱ्याचा, सावडीनं, म्हणजे जोडी आळीपाळीनं दोघांच्या शेतात. शेतातून मोकळी झाली की बाई झुली शिवायची. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर तुम्ही तिची झूल पाहिलेली नाही, एवढंच मी म्हणेन.

माझं मशीन तिच्या डोळ्यात खुपायचं. “हे नुसतं पळायलंय. कुठं चाललंय ते त्याला तरी ठावं हाय का?” असं माझ्यासमोर म्हणायची. मी चिडायचो. मग मी तिच्या टाक्यांना नावं ठेवायची आणि तिनं माझ्या काजांना. चहा मात्र दोघांचा एकाच किटलीतला. एकदा हॉटेलवाल्यानं तिच्यासाठी वेगळा कप पाठवला, दांडी मोडलेला. बाईनं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि तो वेगळा माझ्या पुढ्यात सरकवला. “तुमी घ्या टेलर. खास धाडलाय.” त्या दिवसापासून हॉटेलवाल्यानं तसला कप पाठवला नाही. माझ्या इज्जतीची काळजी, दुसरं काय!

नक्षी तिला कुठंही सापडायची. चिखलात एसटीच्या चाकाचा माग उमटला की उकिडवी बसून बघत राहायची. मागून बैलगाडीवाले बोंबलले तरी उठायची नाही. पुढच्या बाजारी तोच माग झुलीच्या काठावर, लाल कापडावर पिवळा. एकदा लग्नाला म्हणून चारठाण्याला गेली आणि तिथल्या जुन्या देवळांच्या खांबांवरची फुलं डोळ्यांत भरून घेऊन आली. त्यातलं एक फूल पाटलाच्या बैलाच्या पाठीवर बसलं, मधोमध भिंग लावून. गावात कुरकुर झाली, देवळावरचं फूल हिनं घ्यावं का म्हणून. बाई म्हणाली, “ज्यानं दगडात कोरलं त्यो काय पालखीत बसून आलता? हातावर पोट असनाराच व्हता की. मी त्याचं घेतलं. देवाचं कशाला घेऊ?”

नागपंचमी झाली की घराघरातून जुन्या झुली तिच्याकडे दुरुस्तीला यायच्या. भिंगं निघालेली, गोंडे तुटलेले, उंदरांनी कुरतडलेल्या. बाई सगळ्यांना पोळ्यापर्यंत नवं रूप द्यायची. मग सगळ्या गावचे बैल तिच्या हातच्या झुली घालून वेशीतल्या तोरणाखालून वाजतगाजत जायचे. वस्तीतले बैल तेवढे नाहीत. त्यांनी मागच्या पांदीनं घरी जायचं, अशी रीत. पाखऱ्याही पांदीनंच जायचा, चिखल तुडवत. “माझी झूल तोरणाखालनं जाती आन् माझा बैल न्हाई. हे कोनचं शास्तर?” दरवर्षी ती हे विचारायची, आणि दरवर्षी लोक हसून सोडून द्यायचे. तिच्या मनातून मात्र ते कधी गेलं नाही.

मग ते साल आलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगावच्या वस्त्यांवर लोक चालून गेले. तिच्या गावातही भर संध्याकाळी गावचीच पोरं रॉकेल घेऊन आली. वस्तीतली माणसं ज्वारीत पळाली म्हणून वाचली. बाईनं पाखऱ्याचं दावं सोडलं आणि त्याच्यामागं तीही पळाली. घर जळालं. आणि त्या घरात, एका गाठोड्यात बांधून ठेवलेल्या सगळ्या गावच्या झुलीही जळाल्या.

पेटवणाऱ्यांना घर कुणाचं ते पक्कं ठाऊक होतं. आत आपल्याच बापाच्या बैलांच्या झुली आहेत, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. मूर्खांनो! मला तेव्हाही संताप आला होता आणि आत्ता सांगतानाही येतो आहे.

पोळा तोंडावर आला तशी गावाला जाग आली. बाजाराच्या दिवशी बाई माझ्या पायरीवर चिंध्या निवडत बसली होती. पाटील स्वतः चालत आले.

“झुलीचं काय केलंस?” त्यांनी विचारलं.

“जळाल्या.”

“आमच्या पण?”

“माझ्या घराला लागली तवा तुमच्या झुली काय बाहीर पळाल्या पाटील? पेटवनाऱ्यानं आत वाकून तरी बघावं, आपलं काय हाय का म्हून.”

शेजारचा भांडीवाला खुसकन हसला आणि पाटलांनी बघितल्यावर खोकू लागला. पाटलांचा आवाज खाली आला. घरात तीन पिढ्यांची झूल होती, आईनं जपलेली. “हे बघ, झालं ते वाईट झालं. कापड आम्ही देतो. हाताखाली बाया घे. सणाला बैलाची पाठ उघडी नको. अपशकुन असतो.”

“शिवते की. पर पाखऱ्या तोरणाखालनं जाईल. वस्तीचे समदे बैल जातील, गावाच्या रांगंत.”

“ते मी कसं सांगू? गावाला विचारावं लागतं.”

“मग इचारा. मी कामून इचारू?”

“जमायचं नाही,” पाटील म्हणाले.

“मग जाऊ द्या बैल उघडे,” बाई म्हणाली आणि पुन्हा चिंध्यांत हात घातला.

त्या दिवशी तिनं निळ्या चिंध्या तेवढ्या वेचल्या. शाळेतल्या पोरींच्या गणवेशाचं कापड होतं ते, त्या साली मी बरेच शिवले होते. संध्याकाळी दोन दुकानदार मला समजावायला आले, हिला काही देऊ नको, दिवस वाईट आहेत म्हणून. मी म्हणालो, दुकान माझं, चिंध्या माझ्या, तुम्ही आपलं मीठमिरची तोला.

तिच्या वस्तीतली तरणी पोरंही तिच्यावर नाराज होती. “आत्या, पोळा आपला न्हाई. त्यांचं तोरण कशाला पायजे?” त्यांचंही काही चूक नव्हतं. बाई म्हणाली, “तोरन त्यांचं असंल. बैल माझा हाय, आन् रस्ता कुनाच्या बापाचा न्हाई.”

पोळ्याला मी मुद्दाम तिच्या गावी गेलो. वेशीत पोलीस बसवलेले होते. मानाचा बैल पुढं निघाला, पाठीवर पलंगावरची फुलाफुलांची चादर. मागच्या कुणाच्या पाठीवर लुगडं, कुणाच्या पाठीवर काहीच नाही. हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. इतक्यात वस्तीच्या बाजूनं पाखऱ्या आला आणि मानाच्या बैलामागं रांगेत शिरला. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळ आणि पाठीवर निळी झूल, गुडघ्यापर्यंत झालर. सबंध पोळ्यात झूल घातलेला तो एकटा. कासरा बाईच्या हातात. तिच्यामागं वस्तीचे बाकीचे बैल.

तोरणाच्या अलीकडे एका गड्यानं काठी आडवी धरली. वाजंत्री थांबली. मी गर्दीतून पुढं सरकलो. बाई थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “पोळ्याच्या दिशी बैलावर काठी? मार की बाबा. समदं गाव बघायलंय.”

पोळ्याला बैलाला काठी लावत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या लावत नाहीत. त्या गड्यानं पाटलांकडे बघितलं, पाटलांनी जमिनीकडे. कुणी म्हातारी मागून ओरडली, “अरं, काठी टाक मेल्या!” काठी खाली आली आणि पाखऱ्या पुढं निघाला.

गावासाठी तिनं पुन्हा झूल शिवली नाही. पाटलांनी नांदेडहून तयार झुली आणल्या, चकचकीत. वस्तीचे बैल मात्र त्यानंतर दरसाल तोरणाखालूनच गेले. पुढं पंधरा-सोळा वर्षांनी नामांतर झालं ते बघायला बाई नव्हती, आदल्या उन्हाळ्यातच गेली. तो निर्णय रेडिओवर ऐकला तेव्हा मी मशीन थांबवलं आणि बराच वेळ पायरीकडे बघत बसलो. फार आठवण आली तिची.

पण खरी गंमत सांगायची राहूनच गेली. पाखऱ्या तोरणाखाली आला तेव्हा तो सरळ निघून गेला नाही. बाईनं त्याला बरोबर तोरणाखाली उभं केलं, पदराला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि झुलीच्या काठाला टाके घालायला बसली. मागं अख्ख्या गावाची रांग खोळंबली. सरपंचांची जोडी, व्यापाऱ्याची जोडी, सगळे. कुणीतरी ओरडलं, “अगं, चल की पुढं!”

“थांबा,” मान वर न करता ती म्हणाली. “टाका उसवलाय.”

मी हातभर अंतरावर उभा होतो. जन्मभर शिलाई केलेला माणूस मी. एकही टाका उसवलेला नव्हता.